बकाणा निंब : रम्यक आणि विषमुष्टिका

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. शाळा सुटण्याच्या सुमारास सहावीतील एक विद्यार्थी हिरवागार डहाळा खांद्यावर टाकून फाटकाकडे चालला होता. डहाळ्यास फिकट जांभळ्या फुलांचे घोस लागलेले होते व त्यांचा गोड वास व्हरांड्यापर्यंत येत होता. आम्ही त्यास हाक मारून विचारले, “बाळ, हे कशासाठी नेतोस?” तो म्हणाला, “सर, उद्या पाडवा आहे. आईने निंबाचा पाला आणायला सांगितला आहे. गुढीला बांधायचा आणि सकाळी गुळाबरोबर वाटून सगळ्यांनी खायचा.” त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पण त्याच्या खांद्यावरील डहाळा कडुनिंबाचा नव्हता. शाळेच्या मागील कुंपणाशी असलेल्या बकाणा निंबाचा होता. आम्ही तो उतरवून घेतला, मुलास विहिरीजवळच्या खऱ्या कडुनिंबाखाली नेले आणि त्याची कोवळी डहाळी हाती देऊन घरी पाठविले. घरी त्या रात्री काहीच अनर्थ झाला नाही. परंतु आम्हांस मात्र बराच वेळ झोप आली नाही. आपल्या अंगणातील झाडाची ओळख आपण मुलांस करून दिली नाही, ही आमचीच उणीव होती.

ही हकीकत गावात पसरावयास वेळ लागला नाही. दोनच दिवसांनी काही पालक शाळेत आले. त्यांचे म्हणणे सरळ होते : ‘ते विषारी झाड आहे, तर मुलांच्या शाळेत ठेवावयाचे कशाला? आजच्या आज तोडा.’ त्यांच्यातच एक वृद्ध शेतकरी होते. ते म्हणाले, “सावली देणारे झाड तोडणे सोपे आहे, पण वाटेवर, बांधावर, बाजारात अशी झाडे आहेतच. ती सगळी तोडणार का? त्यापेक्षा पोरांना शहाणे करा.” मुख्याध्यापकांनी दोन्ही पक्षांचे ऐकून घेतले आणि पावसाळ्यापूर्वी विचार करून मत द्यावे, असे आम्हांस सांगितले. तेव्हापासून आम्ही व आठवीच्या वर्गातील मुलामुलींनी मिळून या एका झाडाचा अभ्यास केला. त्या अभ्यासाचा सारांश विद्यार्थी व पालक या दोघांसाठी येथे देत आहोत. झाडाचे पुढे काय ठरले, ते शेवटी सांगू.

प्रथम कुळाची ओळख. बकाणा निंबाचे शास्त्रीय नाव मेलिया ॲझेडारॅक. तो कडुनिंबाचा भाऊबंद खरा. महोगनी व तून हे मोलाचे लाकूड देणारे वृक्षही याच कुळातले आहेत. हिमालयाच्या पायथ्यापासून चीनपर्यंत आणि खाली ऑस्ट्रेलियापर्यंतचा प्रदेश हे याचे माहेर. चीनमध्ये तो औषधासाठी व शोभेसाठी इतक्या प्राचीन काळापासून लावला जातो की, युरोप-अमेरिकेत त्यास ‘चीनचे झाड’ असेच नाव पडले. आपल्याकडेही तो सावलीसाठी व फुलांसाठी रस्त्याच्या कडेस, बंगल्यांच्या आवारात आणि शाळांच्या मैदानांत लावलेला आढळतो. तो झपाट्याने वाढतो, फार पाणी मागत नाही आणि थोड्याच वर्षांत छत्रीसारखा पसरतो. यामुळेच ज्यास लवकर सावली हवी असेल तो या झाडाकडे वळतो.

आता आपल्या वणीत हे झाड वर्षभर कसे दिसते ते पाहू. बकाणा हा पानगळीचा वृक्ष आहे. दिवाळी होऊन थंडी पडू लागली की, त्याची पाने पिवळी होऊन गळू लागतात. पौष-माघात तो अगदी उघडा उभा असतो. मात्र त्या उघड्या फांद्यांवर पिवळ्या, गोट्यांएवढ्या फळांचे घोस लोंबत राहतात. दिंडोरी तालुक्यातील द्राक्षबागांत ज्या दिवसांत काढणीची गडबड चालू असते, त्याच दिवसांत आमच्या कुंपणावर ही फळे उन्हात चमकत असतात. पाने नसल्यामुळे ती दुरूनही नजरेत भरतात, आणि लहान मुलाचा हात तिकडे वळावा यात नवल नाही. फाल्गुन सरता सरता नवी पालवी फुटते व तिच्याबरोबरच फुले येतात. चैत्रात खानदेशाकडील यात्रेकरू सप्तशृंग गडाच्या वाटेने पायी येऊ लागतात, तेव्हा बकाणा ऐन बहरात असतो. कडुनिंबही त्याच सुमारास फुलतो. पाडव्याच्या दिवशी दोन्ही झाडे कोवळ्या पानांनी व फुलांनी सजलेली असावीत, हाच घोटाळ्याचा मूळ योग होय.

हा घोटाळा टाळणे कठीण नाही. त्यासाठी पाच खुणा लक्षात ठेवाव्या. पहिली खूण पानाची. कडुनिंबाच्या पानात मधला एकच देठ असतो व त्याच्या दोन्ही बाजूंस पर्णिका रांगेने लागलेल्या असतात. म्हणजे पान पिसासारखे दिसते. बकाण्याच्या पानात मधल्या देठास पुन्हा लहान देठ फुटतात व पर्णिका त्या लहान देठांवर असतात. म्हणजे एका पिसास अनेक पिसे फुटावी तसे ते दिसते. दुसरी खूण पर्णिकेच्या आकाराची. कडुनिंबाची पर्णिका विळ्यासारखी वाकलेली असते आणि तिच्या बुडाशी एक बाजू मोठी, एक लहान असते. बकाण्याची पर्णिका त्या मानाने सरळ व रुंद असते. तिसरी खूण फुलाची. कडुनिंबाचे फूल पांढरे व बारीक. बकाण्याचे फूल फिकट जांभळे, आणि त्याच्या मधोमध गडद जांभळ्या रंगाची एक नळी उभी असते. ही नळी पुंकेसर एकमेकांस जुळून झालेली असते. चौथी खूण फळाची. निंबोळी लांबट असते व तिच्यात बहुधा एकच गुळगुळीत बी निघते. बकाण्याचे फळ गोल असते व त्याच्या आतील कठीण बाठ्यावर उभ्या खोबणी असतात. पाचवी खूण ऋतूची. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडाशी पिकतात. बकाण्याची फळे हिवाळ्यात, झाड उघडे झाल्यावर पिवळी होतात. फुले-फळे नसतानाही पहिली खूण उपयोगी पडते. म्हणून मुलांनो, दुसरे काही आठवले नाही तरी ‘एक पीस की पिसास पिसे’ एवढे विसरू नका.

चौथ्या व पाचव्या खुणेस विशेष महत्त्व का, ते पालकांस सांगावयास नको. पिकलेल्या निंबोळीचा गर गोडसर असतो आणि खेड्यातील मुले तो चोखून खातात. आम्हीही लहानपणी खाल्ला आहे. एकदा निंबोळी खाण्याची सवय लागलेल्या मुलास हिवाळ्यात बकाण्याखाली पिवळी फळे पडलेली दिसली, तर तो त्यांस निंबोळ्याच समजणार. ज्या ज्ञानाने त्याने एक फळ निर्भयपणे खाल्ले, तेच अर्धवट ज्ञान त्यास दुसऱ्या फळाकडे नेते. अगदी अजाण मूल अनोळखी फळास भिते. अर्धवट जाणणारे मूल भीत नाही. म्हणून धोका अज्ञानापेक्षा अर्ध्या ज्ञानात अधिक आहे, असे आम्हांस वाटते.

या घोटाळ्यात मोठमोठे पंडितही सापडलेले आहेत, हे ऐकून विद्यार्थ्यांस थोडा धीर येईल. वनस्पतींस नावे देण्याची आजची पद्धत ज्याने रूढ केली, त्या स्वीडनच्या लिनीअसने १७५३ साली या दोन्ही वृक्षांस एकाच मेलिया वंशात घातले. एकास त्याने मेलिया ॲझेडारॅक म्हटले व दुसऱ्यास मेलिया ॲझाडिरॅक्टा. ही दोन्ही नावे ‘आझाद दरख्त’ म्हणजे मुक्त किंवा थोर वृक्ष या एकाच फारशी शब्दापासून आलेली आहेत. पुढे १८३० साली फ्रान्समधील एड्रियन द ज्यूसिए या वनस्पतिशास्त्रज्ञाने कडुनिंबास वेगळ्या वंशात घालून त्यास ॲझाडिरॅक्टा इंडिका हे आज चालू असलेले नाव दिले. म्हणजे शास्त्राच्या दरबारातही या दोन भावांची वाटणी होण्यास सत्याहत्तर वर्षे लागली.

आपल्याकडील नावांचीही तीच गत. ‘निंब’ हा शब्द आपण किती सढळ हाताने वापरतो ते पाहा. कढीत घालतो तो कढीनिंब अथवा गोडनिंब. पण त्याचे कुळ लिंबू-संत्र्याचे आहे, कडुनिंबाशी त्याचे जवळचे नाते नाही. सह्याद्रीच्या रानात लिंबारा नावाचा उंच वृक्ष आहे. तो मात्र बकाण्याचा सख्खा भाऊ, आणि अलीकडे प्लायवूडच्या लाकडासाठी ‘मलबार नीम’ या नावाने त्याची रोपे शेतकऱ्यांस विकली जातात. बकाण्यास संस्कृतात महानिंब म्हणतात. पण कित्येक ठिकाणी महारुख या निराळ्याच वृक्षासही महानिंब म्हटले जाते. नाव एक, वस्तू चार. जो केवळ नावावर भिस्त ठेवतो, तो केव्हा ना केव्हा फसतो.

तथापि जुन्या नावांत शहाणपणही साठविलेले असते. सोळाव्या शतकातील भावप्रकाश या वैद्यकग्रंथात महानिंबाची जी पर्यायी नावे दिली आहेत, त्यांतील तीन आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतात. एक ‘द्रेका’, हे नाव पंजाबात ‘धरेक’ या रूपाने आजही लोकांच्या तोंडी आहे. दुसरे ‘रम्यक’, म्हणजे मनास रमविणारा, सुंदर. तिसरे ‘विषमुष्टिका’. या शब्दातील विष व मूठ हे दोन्ही अर्थ उघड आहेत. एकाच झाडास सुंदर म्हणणारे व विषारी म्हणणारे नाव आपल्या पूर्वीच्या वैद्यांनी शेजारी शेजारी ठेवले. सौंदर्य पाहून त्यांनी विष लपविले नाही आणि विष पाहून सौंदर्य नाकारले नाही. आम्ही नावाचा एक अर्धा भाग विसरलो, म्हणून पाडव्याचा तो प्रसंग ओढवता ओढवता राहिला.

आता चीन देशाकडे वळू, कारण या झाडाचा जितका जिव्हाळा त्या देशात आहे तितका क्वचितच अन्यत्र असेल. चिनी लोक यास ‘लिएन’ अथवा ‘खू-लिएन’ म्हणजे कडू लिएन म्हणतात. त्यांच्याकडे वसंताच्या आगमनापासून निरोपापर्यंत चोवीस ‘फुलांचे वारे’ वाहतात, अशी जुनी कल्पना आहे. प्रत्येक वाऱ्याबरोबर एक एक फूल उमलते. पहिला वारा जर्दाळूच्या जातीतील एका झाडाच्या फुलाचा, तोही कडाक्याच्या थंडीत. आणि चोविसावा, शेवटचा वारा लिएनच्या फुलाचा. एप्रिलच्या अखेरीस हे फूल उमलले म्हणजे वसंत संपला व उन्हाळा आला असे समजावयाचे. आपल्याकडे हेच फूल नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी उमललेले असते, आणि त्यांच्याकडे ते वसंतास निरोप देते.

चीनमधील दुसरी कथा आपल्या पाडव्याशी अधिक मिळतीजुळती आहे. छू युआन नावाचा एक स्वाभिमानी कवी व मंत्री ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात नदीत बुडून मरण पावला. त्याच्या स्मरणार्थ लोक नदीत भात सोडीत. दंतकथा अशी की, तो एका मनुष्यासमोर प्रकट होऊन म्हणाला, “तुम्ही वाहिलेला भात पाण्यातील नाग खाऊन टाकतो, यापुढे तो लिएनच्या पानाने झाका व रंगीत दोऱ्याने बांधा, कारण या दोन वस्तूंस तो भितो.” कथेतील नागाचा भाग बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उरते. या पानापासून जीवजंतू दूर राहतात, हे त्या लोकांनी पूर्वीच ताडले होते. आपणही धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालतो, त्यामागे हेच निरीक्षण आहे.

जपानमध्ये याच झाडास ‘सेंदान’ म्हणतात. तेथे एक म्हण आहे की, सेंदान दोन पानांचा असतानाच सुगंध देतो. आपण ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ म्हणतो तसा तिचा अर्थ. पण म्हणीतील सेंदान हे झाड नव्हेच! ते आहे आपले चंदन. संस्कृत ‘चंदन’ हा शब्द बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानात गेला व त्याचा उच्चार ‘सेंदान’ झाला. पुढे दोन निराळ्या वृक्षांस एकच नाव राहिले. वणीतील मुलगा निंबाच्या नावावर फसला, तसा जपानातील मुलगा चंदनाच्या नावावर फसू शकतो. तेव्हा विद्यार्थ्यांनो, फसण्यात लाज नाही. फसल्यावर झाडाखाली जाऊन पान न पाहण्यात लाज आहे.

आता औषधाचा विचार करू. बकाण्याची साल पोटातील जंतांवर देण्याची रीत चीनमध्ये व आपल्याकडेही फार जुनी आहे. चिनी संशोधकांनी सालीतून ‘टूसेंडॅनिन’ नावाचे द्रव्य वेगळे काढले व काही काळ ते गोल जंतांवर औषध म्हणून वापरले. हे द्रव्य मज्जातंतू व स्नायू जेथे एकमेकांस मिळतात त्या सांध्यावर परिणाम करते. मज्जातंतूने दिलेला निरोप स्नायूपर्यंत नीट पोहोचत नाही. जंताच्या दृष्टीने हे संकट. परंतु मनुष्यासही मज्जातंतू व स्नायू आहेत! मात्रा वाढली की जे जंतास झाले ते रोग्यास होण्याचा संभव. त्यातच एका झाडाच्या सालीत हे द्रव्य किती व दुसऱ्याच्या सालीत किती, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. म्हणून मूठभर साल उकळून देणाऱ्याच्या हाती औषध आहे की विष, हे त्याचे त्यासही ठाऊक नसते.

आज या सालीची गरज उरलेली नाही. भारतात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो व शाळाशाळांतून मुलांस अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. आपल्या शाळेतही ती फेब्रुवारीत चावून खावी लागते, आणि तिच्या चवीबद्दल सर्व वर्गांचे एकमत आहे. ती गोळी ४०० मिलिग्रॅमची असते. एक ते दोन वर्षांच्या बालकास तिची अर्धीच देतात. या ‘अर्धी’ शब्दाकडे लक्ष द्या. साल व गोळी यांतला खरा फरक येथे आहे : एकीची मात्रा अजमासाची, दुसरीची मोजलेली. झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, अशी समजूत पुष्कळांची असते. पण खुद्द कडुनिंबाचे तेलही तान्ह्या मुलांस पाजल्यामुळे त्यांच्या जिवावर बेतल्याची उदाहरणे वैद्यकात नमूद आहेत. पाडव्यास दोन कोवळी पाने खाणे निराळे आणि औषध म्हणून तेल पाजणे निराळे.

बकाण्याचे सर्वांत घातक अंग म्हणजे त्याचे फळ. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९८३ साली त्या फळांतील विषारी द्रव्यांचे वर्णन प्रसिद्ध केले व त्यांस ‘मेलियाटॉक्सिन’ हे नाव रूढ झाले. ही द्रव्ये आतडी व मज्जासंस्था या दोहोंवर आघात करतात. फळे खाल्ल्यावर काही तासांत मळमळ, वांत्या, जुलाब व पोटात कळा सुरू होतात. प्रकरण वाढल्यास तोल जाणे, गुंगी, झटके व श्वास घेण्यास त्रास अशी लक्षणे दिसतात. डुकरे या विषास फार लवकर बळी पडतात. उलट, पक्षी हीच फळे खातात व बिया दूरवर टाकतात. हिमालयाच्या पायथ्याशी शेळ्यांस याचा पाला चाराही म्हणून घालतात. म्हणून ‘पक्षी खातात, शेळी खाते, मग आपणास काय होते?’ हा युक्तिवाद कोणी करू नये. तसेच सर्व झाडांच्या फळांत विष सारखे नसते. एका गावी कोणी दोन फळे खाऊन सुखरूप राहिला, एवढ्यावरून आपल्या गावचे झाड निर्धोक ठरत नाही.

एखाद्या मुलाने ही फळे खाल्ल्याचे कळले तर काय करावे? तोंडात उरलेला गर बोटाने काढावा व चूळ भरवावी. मिठाचे पाणी पाजून अथवा घशात बोटे घालून ओकारी काढू नये. मूल गुंगीत असल्यास ओकलेले श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. दूध, तूप, ताक असे घरगुती उतारे देत वेळ घालवू नये. या विषास खास असा उतारा नाही; दवाखान्यात लक्षणांप्रमाणे उपचार करतात, आणि ते जितके लवकर सुरू होतील तितके चांगले. १०८ क्रमांकास दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने मुलास न्यावे. जाताना त्या झाडाची पानासह फांदी व काही फळे बरोबर घ्यावी. ‘निंबोळ्या खाल्ल्या’ असे सांगितल्यास डॉक्टरांचीही दिशाभूल होईल. फांदी मात्र खोटे बोलणार नाही. आणि पालकांस एक विनंती : मुलास आधी रागावू नका. रागाच्या भीतीने मूल किती फळे खाल्ली ते लपविते.

इतके वाचल्यावर हे झाड म्हणजे केवळ अरिष्ट, असे कोणास वाटेल. पण त्याच फळाच्या बाठ्याचा एक सात्त्विक उपयोग आहे. बाठ्याच्या मधोमध निसर्गतःच आरपार पोकळी असते. सुई किंवा काडी घातली की मणी तयार. त्यावर उभ्या खोबणी असल्यामुळे तो कोरल्यासारखा दिसतो. युरोपातील दक्षिणेकडील देशांत मठवासी व भाविक लोक या मण्यांच्या जपमाळा करीत, म्हणून तेथे यास मण्यांचे झाड असेही नाव पडले. १९३७ साली अल्जीरियातील एका संशोधकाने याच्या पानांचा अर्क टोळांस पिकापासून परावृत्त करतो असे दाखविले. मे २०२० मध्ये विदर्भात टोळधाड आली होती, ती आठवणाऱ्यांस या शोधाचे मोल कळेल. पुढे अशाच शोधांच्या ओघात १९६८ साली कडुनिंबाच्या बियांतून ॲझाडिरॅक्टिन हे कीटकरोधक द्रव्य वेगळे केले गेले, आणि आज द्राक्षबागायतदारांस निंबोळी अर्काची ओळख करून देण्याची गरज नाही. जे कडू द्रव्य किड्यास नको, ते झाडाने स्वतःच्या रक्षणासाठी केलेले आहे. मनुष्यास मारण्याचा त्याचा हेतू नाही.

या झाडाचा अतिरेकी सत्कारही महाग पडला आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात ते शोभेसाठी मोठ्या हौसेने नेले गेले. तेथे पक्ष्यांनी बिया पसरविल्या, मुळांपासून नवे कोंब फुटले आणि कित्येक ठिकाणी त्याने तेथील मूळच्या झाडाझुडपांची जागा बळकावली. आज तेथे ते उपद्रवी वृक्षांत मोडते. म्हणजे पाहा, एका देशात वसंताचे शेवटचे फूल, दुसऱ्या देशात तण. एकाच्या हाती जपमाळेचा मणी, दुसऱ्याच्या पोटात विष.

आता निकाल सांगतो. आठवीच्या वर्गात या प्रश्नावर दोन तास वाद झाला. तोडावे म्हणणारांची बाजू आम्ही समजतो इतकी दुबळी नव्हती. एक मुलगी म्हणाली, “सर, मोठ्यांना शिकविता येईल; पण बालवाडीतील मुलांना पाट्या वाचता येत नाहीत.” या प्रश्नापुढे आम्ही निरुत्तर झालो. बालवाडीच्या खिडकीशी बकाण्याचे एक कोवळे रोप पक्ष्यांच्या कृपेने आपोआप वाढत होते. ते त्याच आठवड्यात मुळासकट काढले, आणि तेथे एकही बकाणा राहू द्यावयाचा नाही असे ठरले. कुंपणाचे मोठे झाड मात्र ठेवले. त्याच्याभोवती तारेचे कुंपण केले. फळे पिकू लागली की हाताशी येणारे घोस काढावयाचे, रोज सकाळी खाली पडलेली फळे झाडून खोल पुरावयाची आणि हात धुवावयाचे, हे काम मोठ्या वर्गांनी आमच्या देखरेखीखाली आपणांकडे घेतले. ज्या वर्षी हे काम होणार नाही, त्या वर्षी झाड तोडावे, अशी अटही त्यांनीच घातली. ती अट मुख्याध्यापकांनी मान्य केली व आलेल्या पालकांसही ती पटली.

झाडास एक पाटी लावली आहे. तीवर काय लिहावे यावर पुष्कळ चर्चा झाली. ‘विषारी झाड’ एवढेच लिहावे असे काहींचे मत होते. ‘बकाणा निंब’ एवढेच पुरे असे इतरांचे. अखेर पाटीवर तीन ओळी आल्या : वर ‘बकाणा निंब’, त्याखाली ‘हा कडुनिंब नव्हे; पाला व फळे खाऊ नयेत’, आणि सर्वांत खाली जुन्या वैद्यांची दोन नावे, ‘रम्यक, विषमुष्टिका’. शेजारी न वाचणाऱ्यांसाठी तोंडावर हात ठेवलेल्या मुलाचे चित्र आहे. ते पाडव्याचा डहाळा नेणाऱ्या त्याच विद्यार्थ्याने काढले.

येत्या पाडव्यास पालकांनी एवढेच करावे : मुलाने पाला आणला की तो लगेच वाटावयास घेऊ नये. मुलाच्या हाती एक पान द्यावे व विचारावे, “हे एक पीस आहे, की पिसास पिसे आहेत?” उत्तर तो देईल, आणि ते उत्तर बरोबर की चूक, हे पानच सांगेल.